चिखलाचा रोवणा

मोहटोल्यात ती पेटी पहिल्यांदा आणली वनमाला कापगतेने. पारदर्शक प्लास्टिकची, कमरेएवढी उंच, खालून उघडी. धानाच्या चार चुडांवर, म्हणजे रोपांच्या झुबक्यांवर, ती पालथी घालायची, वरच्या नळीला यंत्र जोडायचं आणि बांधावर बसून राहायचं. थोड्या वेळाने यंत्र आकडा दाखवायचं. त्या चार चुडांखालच्या चिखलातून किती मिथेन वर आला, तो हा आकडा.

"मिथेन म्हंजे गोबरगॅसच ना?" तिच्या नवऱ्याने, हेमराजने, पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"तोच."

"मंग त्याच्यावर चहा ठेवता येते का?"

"बांधीभर पसरून निघते तो. पकडता येत नाई."

"जाळता येत नाई, विकता येत नाई, नुसता जाते. मंग जाऊ दे ना बाप्पा."

जाऊ का द्यायचं नाही, ते वनमालाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. हवेत गेलेला मिथेन कार्बन डायॉक्साइडच्या कितीतरी पट उष्णता धरून ठेवतो, आणि पाणी भरून ठेवलेली धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेलं खाचर, ही मिथेनची भट्टीच असते. पाण्याखालच्या चिखलात हवा पोचत नाही. तिथे हवेशिवाय जगणारे जंतू धानाचं तणीस, जुनी मुळं, काय कुजेल ते खातात आणि मिथेन सोडतात. धानाचं खोड आतून पोकळ. धुराड्यातून धूर जावा तसा तो वायू खोडातून वर निघून जातो.

मोहटोला हे भंडारा जिल्ह्यातलं तलावाकाठचं गाव. धानाशिवाय दुसरं पीक तिथल्या जमिनीला मानवत नाही. त्यामुळे 'धान सोडा' असं सांगणारी योजना तिथे चालली नसती. ही योजना तसं सांगत नव्हती. ती म्हणत होती, धान राहू द्या, चिखल बदलू.

चिखल बदलण्याची युक्ती डॉ. मुक्ता गाणार यांची. नागपूरच्या एका संशोधन संस्थेत त्या मातीतल्या जंतूंचा अभ्यास करत. याच भागातल्या एका जुन्या तलावाच्या गाळात त्यांना तारजंतूंची एक नवी जात सापडली होती. असे जंतू समुद्रकाठच्या गाळात आधीही माहीत होते. पण उन्हाळ्यात तलाव आटला तरी खालच्या ओलीत तग धरून राहणारे हे पहिलेच. गावच्या समाजमंदिरात मुक्ताताईंनी ते समजावलं तेव्हा वनमालाला ते आपल्याच बोलीत कुणी सांगावं तसं कळलं.

"हजारो पेशी एकीला एक जोडून एक धागा झालेला असतो," त्या म्हणाल्या. "केसापेक्षा कितीतरी बारीक, पण बोटाच्या पेराएवढा लांब. तो चिखलात उभा राहतो. चिखलाला सडक्या अंड्याचा जो वास येतो ना, तो सल्फाइडचा. धाग्याचं खालचं टोक त्या सल्फाइडमधून इलेक्ट्रॉन घेतं. ते तारेतून वीज जावी तसे वर जातात. वरच्या टोकाशी पाण्यातला थोडा प्राणवायू असतो, त्याला ते दिले जातात. म्हणजे एका टोकानं जेवायचं आणि दुसऱ्या टोकानं श्वास घ्यायचा."

"आन मिथेनचं?" मागून कुणी विचारलं.

"सल्फाइडचं सल्फेट होतं. सल्फेट मिळालं की चिखलातले दुसरे जंतू माजतात आणि मिथेनवाल्यांच्या तोंडचा घास पळवतात. मिथेनवाले मरत नाहीत. त्यांचा धंदा बसतो."

लोक हसले. अट मात्र एकच होती आणि ती कडक होती. धागा तुटला की संपला. म्हणून चिखलणी बंद. पाणी भरलेल्या बांधीत नांगर नाही, ट्रॅक्टर नाही. धान कोरड्यातच यंत्राने ओळीत पेरायचं आणि उगवल्यावर पाणी सोडायचं. चिखलणी नाही म्हणजे रोपांसाठी पऱ्हे टाकणं नाही, आणि पऱ्हे नाहीत म्हणजे हाताने लावणी, रोवणा, तोही नाही. त्याबदल्यात पाच वर्षं योजनेचा आधार: बियाणं, पेरणीयंत्र, आणि उत्पन्न घटलं तर घटलेल्या धानाची भरपाई.

वनमालाला योजनेने गावची 'साथी' म्हणून नेमलं. बारावी झालेली, चाळिशीची, बोलायला न लाजणारी. पहिल्या साली पाच शेतकरी तयार झाले. पाचवा हेमराज, कारण बायको साथी. तलावातल्या गाळासकट आणलेले तारजंतू त्यांच्या बांध्यांत मुक्ताताईंच्या माणसांनी स्वतः घातले. दोन महिन्यांत चिखलावर गंजासारखी तांबूस साय आली, वास गेला आणि पेटीतला आकडा निम्म्याच्याही खाली उतरला. धान थोडं कमी झालं, भरपाई वेळेवर आली. दुसऱ्या साली सगळं गाव योजनेत आलं.

त्या साली आषाढात फुलवंता मेश्राम वनमालाच्या घरी आली. फुलवंता ही गावातल्या रोवणाऱ्या बायांची म्होरकी. पन्नाशीची, काटक, स्वतःची गुंठाभरही जमीन नाही. तिच्या तीस बायांच्या टोळीने मोहटोला आणि आसपासच्या गावांचा रोवणा उचललेला असायचा. वनमाला लग्न होऊन आली त्या वर्षीपासून तीही त्या टोळीत जायची. घरचं वावर होतं, पण तेवढ्यात भागत नसे. पऱ्हे कसे धरायचे, अंगठा कसा रोवायचा, मागे सरकताना पाय कुठे ठेवायचा, हे तिला फुलवंतानेच शिकवलं होतं.

"चहा ठेवते, फुलाबाई."

"ठेव." फुलवंता उंबऱ्याशी बसली. "यंदा कोणीच बोलावलं नाई व."

वनमालाने आधण ठेवलं.

"दरसाली या दिवसांत मले जेवाले सवड नसे. यंदा कोंबड्या मोजून राहिली. आजूबाजूची गावं बी यंदा तारेतच गेली." तिने वनमालाकडे पाहिलं. "मी तुह्यावर रागावली नाई. फक्त इचाराले आली. तुह्या योजनेत शेतकऱ्याले आधार देतात म्हणते ना?"

"देतात."

"मंग आमाले काय देतात?"

वनमालाने विचारून सांगते म्हटलं. योजनेचे तालुक्याचे समन्वयक बोपचे म्हणून होते. भला माणूस, फोन उचलणारा. दुसऱ्याच दिवशी ती त्यांच्याकडे गेली.

"प्रश्न बरोबर आहे," बोपचे म्हणाले. "पण माझ्या हातात नाही. लाभार्थी म्हणजे शेतकरी आणि शेतकरी म्हणजे सातबाऱ्यावर ज्याचं नाव आहे तो. योजना लिहिली तेव्हा रोवणाऱ्या बायांचा विचारच झाला नाही."

"साहेब, सातबाऱ्यावर तर माझं बी नाव नाई. वावर यांच्या नावानं आहे."

बोपचे फाईल चाळत म्हणाले, "तुम्ही साथी आहात."

"साथी म्हणून पेटी ठेवते. पण वावरात बावीस वर्षं राबून राहिली. ते कोण म्हणून?"

 वनमालाने येऊन फुलवंताला जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. फुलवंता "बरं" म्हणाली. दिवाळीनंतर टोळीतल्या निम्म्या बाया मिरची तोडायला तेलंगणात गेल्या. फुलवंता गेली नाही. तिची कंबर मिरचीच्या कामाला चालत नव्हती. वनमालाच्या घरावरून ती रोज जायची, पण उंबऱ्याशी बसणं बंद झालं. वनमाला पेटी घेऊन बांधावर बसलेली असली आणि फुलवंता सरपण घेऊन तिकडून आली, तर दोघी एकमेकींना "काय चाललं?" एवढंच विचारत.

पुढचा उन्हाळा वाईट गेला. तलाव तळाला गेला. तलावाला लागून असलेल्या बांध्यांत ओल टिकली, पण वरच्या अंगाच्या बांध्या हातभर खोल भेगाळल्या. मुक्ताताईंनी तिथली माती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. तारा तुटून गेलेल्या होत्या. शेजारच्या गावांत तर त्या उभ्याच राहिल्या नव्हत्या. तिथे प्रयोगशाळेत वाढवलेल्या जंतूंची भुकटी ड्रोनने फवारली होती. बरणीत वाढलेला धागा गुंत्यासारखा वाढतो; चिखलात पडला की आडवा पडतो आणि तसाच कुजतो. चिखलणी मात्र त्या गावांनी सोडलीच होती. धान घटलं आणि वायू होता तेवढाच राहिला. दोन्हीकडून तोटा.

योजनेच्या वरच्या लोकांनी निरोप धाडला: यंदाच्या हंगामात तारा पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत तर या भागातली योजना बंद. आधारही बंद. मोहटोल्यात हे ऐकून माणसं पारावर नुसती बसून राहिली. बऱ्याच जणांनी बैल विकले होते. एक हंगाम चिखलणी न झाल्याने बांध्यांचा तळ मोकळा झाला होता, पाणी धरत नव्हता. तो पुन्हा धरता करायचा तर दोन-तीन हंगाम जाणार होते, आणि तेही भरपाईशिवाय.

मुक्ताताईंनी उपाय शोधला तो साधाच होता. तलावाकाठच्या जिवंत बांध्यांतून चिखलाच्या गोल वड्या कापायच्या, मुठीएवढ्या रुंद, वीतभर खोल, आणि त्या मेलेल्या बांध्यांत नेऊन बसवायच्या. वडीतल्या तारा उभ्याच्या उभ्या राहतात आणि हंगामभरात आजूबाजूला पसरतात. त्यांनी त्यासाठी यंत्रही आणलं होतं. यंत्राने वड्या छान कापल्या, पण त्याच्या हादऱ्याने प्रत्येक वडी बांधीत पोचेपर्यंत कढी झाली. दोन दिवस खटपट करून मुक्ताताईंनी यंत्र गाडीत चढवलं.

"हातानंच करावं लागेल," त्या वनमालाला म्हणाल्या. "तांबूस बाजू वर राहिली पाहिजे, वडी हलता कामा नये, आणि लावलेल्या जागेवर पाय पडता कामा नये."

"म्हंजे मागं सरकत," वनमाला म्हणाली.

"हो. मागं सरकत. पावसानं तलाव भरून पाणी सोडायच्या आत सगळं गाव. होईल?"

"होईल. पण ते मले नाई, फुलाबाईले इचारा लागन."

समाजमंदिरात सभा भरली. एका बाजूला शेतकरी, दुसऱ्या बाजूला टोळीच्या बाया. मिरचीवाल्याही परत आल्या होत्या. टेबलामागे मुक्ताताई आणि बोपचे. शेतकऱ्यांच्या वतीने सुरुवातीलाच सांगण्यात आलं की नेहमीच्या दुप्पट मजुरी देऊ.

फुलवंता उठून उभी राहिली नाही. बसल्या जागेवरूनच बोलली.

"वडी रोवाले आमी तयार आहो. फक्त एक सांगा, मॅडम. धान रोवला तर पुढच्या साली पुन्हा रोवा लागते. ही तार एकदा उभी झाली का मंग?"

"नीट जपली, उन्हाळ्यात ओल ठेवली, तर पुन्हा रोवावी लागणार नाही," मुक्ताताई म्हणाल्या. "निदान बरीच वर्षं."

"म्हंजे आमी आमच्या हातानं आमचंच काम पुरून याचं."

मुक्ताताईंनी मान डोलावली.

"पुरतो," फुलवंता म्हणाली. "पण मजुरीत नाई पुरत. मजुरी एका हंगामाची. काम कायमचं जाते. योजना जेवढी वर्षं तुमाले आधार देते, तेवढी वर्षं आमाले बी त्याच्यात वाटा पाहिजे. आन नाव पाहिजे. फुकट नाई म्हणत. बांधाची भोकं बुजवू, उन्हाळ्यात ओल राखू, तारा जपू."

गलका झाला. हेमराज उठला. तो तापट माणूस नव्हता, पण त्या दिवशी त्याचा आवाज चढला. "आज आधारात वाटा, उद्या वावरात वाटा मागतीन! ह्या जमिनीले आमच्या चार पिढ्या लागल्या."

"आमच्या बी लागल्या," बायांतून कुणी म्हणालं.

बोपच्यांनी टेबलावर हात आपटून शांत केलं. मजुरांना थेट लाभार्थी करता येत नाही, ते म्हणाले. पण बटईने, म्हणजे दुसऱ्याची जमीन वाट्याने, करणाऱ्यांसाठी एक नियम आहे. जमिनीच्या मालकाने संमती लिहून दिली तर त्याच्या आधारातला ठरलेला भाग दुसऱ्याच्या नावाने जमा होऊ शकतो. जमिनीवर त्याने कसलाही हक्क येत नाही. सक्ती मात्र कुणावर करता येणार नाही.

"मंग आमी चिखलाचे बटईदार," फुलवंता म्हणाली. "जो लिहून देईन त्याची बांधी रोवू."

आता सगळे वनमालाकडे पाहू लागले. ती टेबलाजवळच्या खुर्चीवर बसली होती, साथीची जागा तीच. शेतकऱ्यांतला एक तरुण म्हणाला, "वहिनी, तुमी योजनेच्या. तुमी समजवा ना यांना."

 हेमराज तिच्याकडे पाहत होता. घरून निघताना तो एवढंच म्हणाला होता, तू मधात पडू नको.

"योजनेत लिहिलं आहे, शेतकऱ्याले आधार द्याचा," ती म्हणाली. "मी मागंच इचारलं होतं, शेतकरी कोण. सातबाऱ्यावर नाव तो. त्या हिशेबानं मी बी शेतकरी नाई. तिकडे बसाचा मले हक्क नाई, आन इकडे खुर्चीवर बसून फुलाबाईले समजवाची लाज वाटते."

ती उठली आणि बायांमध्ये जाऊन खाली बसली. फुलवंताने तिच्याकडे पाहिलं नाही, जराशी सरकून जागा केली.

पहिली सही ताराचंद लांजेवारांनी केली. सत्तरीचे, दोन्ही गुडघ्यांनी थकलेले. "माही पोरं पुण्याले," ते म्हणाले. "माह्या बांधाची भोकं कोण बुजवणार? ह्याच बुजवतीन तर घेऊ दे वाटा." त्यांच्यामागे तिघे आले. दुसऱ्या दिवशी आणखी. आधार बंद होण्याची भीती वाटा देण्याच्या भीतीपेक्षा मोठी होती, एवढंच खरं. मन बदललं असं फार थोड्यांचं.

हेमराजने सही केली नाही.

रोवणा सुरू झाला. सकाळी तलावाकाठी पातळ पोलादी नळीने वड्या कापायच्या, ट्रेमध्ये उभ्या ठेवायच्या, दोघींनी मिळून ट्रे सांभाळत वरच्या बांधीत न्यायचा. मग ओळ धरून वाकायचं, खड्डा बोटांनी मोकळा करायचा, तांबूस बाजू वर ठेवून वडी बसवायची, कडा दाबायच्या, एक पाऊल मागे. पहिल्या दिवशी बऱ्याच वड्या फुटल्या. तिसऱ्या दिवसापासून हात बसला. मुक्ताताईही सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून ओळीत उभ्या राहायच्या. संध्याकाळी त्यांना पाठ सरळ करायला कुणाचा तरी खांदा लागे.

वनमाला रोज टोळीबरोबर जायची. रोज हेमराजच्या बांध्यांच्या कडेने जायची, ट्रे घेऊन, आणि थांबायची नाही. घरी स्वयंपाक व्हायचा, जेवणं व्हायची.

"आपल्या बांध्या केव्हा?" चौथ्या दिवशी हेमराजने भाकरी मोडत विचारलं.

"तुमी सही कराल त्या दिवशी."

"तू माही बायको का फुलाबाईची बटईदार?"

"दोन्ही."

त्याने ताट सरकवलं नाही. जेवण पूर्ण केलं, हात धुतले आणि बाहेर जाऊन बसला. त्याच्या भावाशी फोनवर बोलत होता ते वनमालाला आत ऐकू येत होतं. बैल विकले ते चुकलं, असं तो पुन्हापुन्हा म्हणत होता.

दोन दिवसांनी तो आणि त्याचा चुलतभाऊ नळी घेऊन स्वतःच तलावाकाठी उतरले. एक बांधी त्यांनी दिवसभर खपून लावली. दोघंही कामाला वाघ, पण पुढे चालत लावत गेले आणि लावलेल्यातल्या कितीतरी वड्या स्वतःच्याच टाचेखाली गेल्या. ताराचंद लांजेवारांच्या बांधीवर आठवडाभरात तांबूस ठिपके उमटले. हेमराजची बांधी काळीच राहिली.   वनमालाला वाईट वाटलं. त्या माणसाने मातीशी कधी लबाडी केलेली तिने पाहिली नव्हती.

तलावाचं पाणी सोडायला थोडे दिवस उरले. फक्त हेमराज कापगत्याच्या बांध्या शिल्लक होत्या. दुपारची भाकरी खाऊन बाया बांधावर टेकल्या होत्या. वनमाला पाटातून वाहणाऱ्या पावसाच्या पाण्यात ट्रे विसळत होती. हेमराज बांधावरून चालत आला आणि फुलवंतासमोर उभा राहिला. इतक्या वर्षांत तो तिच्याशी कामाचे दोन शब्द सोडून बोलला नव्हता.

"फुलाबाई, सही करतो मी."

"बसा, हेमराजभाऊ."

तो बसला नाही. "कागद द्या. कुठे कराची ते सांगा."

फुलवंताने तोंडातली सुपारी थुंकली. "कागद बोपचे साहेबाजवळ आहे. पण तुमच्या बांधीचा सौदा येगळा आहे."

"येगळा कसा? सगळ्यांले जो वाटा तोच देतो."

"आमचा वाटा मंग पाहू. आधी वनूचं नाव सातबाऱ्यावर चढवा, तुमच्या जोडीनं. मंग संमतीवर सही तुमची बी आन तिची बी."

वनमालाच्या हातातून ट्रे सुटून पाण्यात तरंगत गेला. हेमराजने वळून तिच्याकडे पाहिलं.

"तू सांगितलं हिले?"

"नाई."

"खरं सांग."

"नाई म्हणलं ना. मले बी आताच कळलं."

"मंग तुले पाहिजे का?" त्याच्या आवाजात राग नव्हता. खरंच कळत नव्हतं त्याला. "मी तुले कधी कमी केलं? कधी म्हणलं हे माहं, हे तुहं?"

"नाई म्हणलं कधी."

"मंग?"

बाया ऐकत होत्या. मुक्ताताई उगाच नळीचं तोंड पुसत होत्या. वनमालाला पटकन म्हणता आलं असतं, राहू द्या, कायले पाहिजे, फुलाबाई चेष्टा करते. तेच म्हणायची सवय होती. शब्द ओठावर आलेही.

"पाहिजे," ती म्हणाली. "कोणी इचारलं नाई म्हणून मागितलं नाई. पण पाहिजे."

 हेमराज पाण्यात उतरला, वाहत चाललेला ट्रे धरला आणि बांधावर आणून ठेवला.

"किती दिवस लागते त्याले?" त्याने फुलवंताला विचारलं. "पाणी सोडाले आलं ना."

"अर्ज दिल्याची पावती दाखवा. बाकी सरकार आपल्या चालीनं करन. वडी थांबत नाई, मले बी समजते."

तो दुसऱ्या दिवशी वनमालाला घेऊनच तलाठ्याकडे गेला. तिथे तिने तीन ठिकाणी सही केली.  येताना मोटारसायकलवर, गावाजवळ आल्यावर, तो म्हणाला, "फुलाबाई लय खट आहे." वनमाला म्हणाली, "हो." आणि दोघांनाही हसू आलं.

कापगत्यांच्या बांध्या टोळीने शेवटच्या दोन दिवसांत पुऱ्या केल्या. हेमराज ट्रे वाहत होता. बायांनी त्याला ओळीत घेतलं नाही.

त्या हंगामाचा निकाल फार चमत्काराचा नव्हता. गावातल्या साधारण तीनपैकी दोन बांध्यांत तारा धरल्या. उरलेल्यांत पुन्हा वड्या घालाव्या लागणार होत्या. धान घटलं, पण आदल्या सालापेक्षा कमी घटलं. भरपाई आली आणि पहिल्यांदाच तिचा एक भाग फुलवंताच्या टोळीतल्या तीस बायांच्या खात्यात त्यांच्या नावाने गेला. रक्कम मोठी नव्हती. दोन बायांनी तरीही तेलंगणा गाठलाच. ताराचंद लांजेवार कुरकुरले की बाया बांधाची भोकं बुजवायला आठवड्यातून एकदाच येतात. मुक्ताताईंनी आपल्या अहवालात लिहिलं की तारजंतूंची लागवड हातानेच करावी लागते आणि ती करणाऱ्यांचा वाटा धरल्याशिवाय ही पद्धत पुढे नेऊ नये. वरच्या लोकांनी अहवालातलं पहिलं वाक्य मान्य केलं आणि दुसऱ्यावर विचार करतो म्हणाले. योजना चालू राहिली.

पुढच्या ज्येष्ठात कोसमटोल्याहून बोलावणं आलं. भुकटीने फसलेलं ते शेजारचं गाव. वड्या मोहटोल्याच्या, हात मोहटोल्याचे. वनमाला आता साथी नव्हती. तिने ते काम टोळीतल्याच एकीच्या शिकलेल्या सुनेला द्यायला लावलं होतं. फुलवंताबरोबर बोलणी करायला ती टोळीतली एक म्हणून गेली.

ज्यांच्या घरी उतरल्या ते गावातले मोठे शेतकरी होते. अंगणात आंब्याखाली खुर्च्या मांडलेल्या. घरधनी अगत्याने म्हणाले, "बसा बसा. पाणी आणा रे. हं, तर बाई, कामाचं बोलू. आमी ऐकून आहो तुमच्या अटी. बांधीमागं कसं घेता?"

फुलवंता खुर्चीवर बसली. पदराने घाम पुसला. पाणी प्यायली, पेला खाली ठेवला.

"घरची बाई कुठे आहे?" तिने विचारलं.

"आत आहे. कामात आहे. काहून?"

"वावरात जाते का ती?"

"जाते ना. वावर तिच्याच भरोशावर आहे म्हणा ना."

"मंग तिले बोलवा. आमी थांबतो."

घरधन्याने वनमालाकडे पाहिलं, ही तरी काही समजूतदार बोलेल म्हणून. वनमालाने शेजारची रिकामी खुर्ची थोडी पुढे ओढून ठेवली. आतून एक बाई पिठाचे हात झटकत दारात आली, आणि आपल्याला कशाला बोलावलं ते न कळून तिथेच उभी राहिली.